आधीची धाकटी

(शिलाँगमधलं जेवणाचं एक छोटं दुकान. दुपारची गर्दी ओसरली आहे. दुकान स्केमलिनचं. तिची धाकटी बहीण दारिशा आणि दोघींचा म्हातारा मामा गावाहून आले आहेत. दारिशा तिला कॉंग, म्हणजे ताई, म्हणते; आईला दोघी मेइ म्हणतात.)

मामा : भांडी कुठं पळून जात नाहीत, स्केम. हात पूस आणि जवळ ये. अशी दारात नको, चुलीच्या या अंगाला बस. मला तुला एक गोष्ट सांगायचीय.

स्केमलिन : गोष्ट सांगायला एवढा रस्ता अंग खिळखिळं करून घेत आलात?

मामा : तशीच गोष्ट आहे. शेवटपर्यंत ऐकलीस तर आम्हां दोघांचं भलं होईल.

स्केमलिन : तुमची गोष्ट म्हणजे निम्मं गाणं नि निम्मं मागणं. आधी मागणं सांगा, गाणं सवडीनं ऐकते.

दारिशा : कॉंग, बोलू दे ना त्यांना.

स्केमलिन : वा, तोंड आहे म्हणायचं. आल्यापासून नुसती चहाच्या पेल्यात बघतेयस. सख्ख्या बहिणीकडे यायला मामाला पुढं घालावं लागतं का ग?

मामा : लागतं. घराचं बोलणं मामानं बोलायचं, हे मी नाही लावलेलं. ऐक. एका डोंगराच्या उतरणीवर एक घर होतं. वर पत्रा, पुढं दगडी पायऱ्या, मागं संत्र्याची झाडं. त्या मुलखात घर लेकाला जात नाही, थोरल्या लेकीलाही जात नाही. घर धाकट्या लेकीचं. आता घर तिचं म्हणजे काय काय तिचं? चूल तिची, अंथरुणाला खिळलेली आई तिची, सुट्टीत येणारी भाचरं तिची, दारात येईल त्या पाहुण्याला क्वाइचा विडा लावून द्यायचा तो तिनं, आणि बिनबायकोचा एक मामा, तोही तिचाच.

स्केमलिन : हा मामा ओळखीचा वाटतोय. काम काय करतो तो?

मामा : उपदेश गातो. मध्ये बोलू नको. तर या धाकटीला देवानं दोन लेकरं दिली, ट्रक चालवणारा नवरा दिला, आणि वर शिकायची हौस दिली.

दारिशा : हौस नाही हो मामा. शाळेतली जागा धरून ठेवलीय माझ्यासाठी. बी.एड. झालं तर पक्की, नाही तर गेली.

मामा : बरं, हौस नको, गरज म्हण. हौस चालीत बरी बसते म्हणून म्हटलं. ही पोर कोंबड्याच्या आधी उठते. तांदूळ चढवते. आईला कुशीवर वळवते, पाठ पुसते, पावडर लावते, आणि हे सगळं करता करता धडा म्हणते. म्हणते म्हणजे गाते. बालमनाच्या वाढीच्या सगळ्या अवस्था तिनं आपल्या संध्याकाळच्या प्रार्थनेच्या चालीवर बसवल्यात. चाल मी दिलीय.

स्केमलिन : तुम्ही बी.एड. करताय की ती?

मामा : अग, नुसतं वाचलेलं वाऱ्यावर जातं. सुरात घातलेलं माणसाच्या पोटात राहतं. मी जन्मभर देवाचं वचन असंच पोचवलंय. शेवटच्या बाकावरचा पेंगणारासुद्धा घरी जाताना गुणगुणत जायचा.

दारिशा : आमच्या पोरीला, बानिशाला, सगळं पाठ झालंय. झोपताना तेच लागतं. गेल्या रविवारी चर्चमध्ये पास्टरनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का, तर ही उभी राहिली.

स्केमलिन : आणि?

दारिशा : सात ते अकरा, मूर्त विचारांची अवस्था. पूर्ण कडवं म्हटलं. लोक आमेन म्हणाले.

स्केमलिन : थांब. थांब जरा, हसू आवरू दे. पास्टर काय म्हणाले?

दारिशा : म्हणाले, हे गीत नवीन दिसतंय.

स्केमलिन : आणि मेइ?

दारिशा : मेइ तर रोजच ऐकते. परवा विचारत होती, यात माझी अवस्था कुठली. म्हटलं, मेइ, पुस्तक तरुणपणापाशीच संपतं. म्हणाली, मग लिहिणाऱ्याची आई लवकर गेली असेल.

स्केमलिन : जीभ अजून तशीच आहे म्हणजे.

मामा : जीभ आणि उजवा हात, एवढंच चालतं. बाकी सगळं या पोरीनं हलवलं तर हलतं. आता बघ, इथवर गोष्ट उताराची होती. पुढं चढ लागतो. सोमवारपासून हिचं कॉलेज हिला एका शाळेत शिकवायला पाठवतंय. चार महिने. रोज. एक दिवस चुकवायचा नाही.

स्केमलिन : मग जावं की. आत्तापर्यंत जातच होती.

दारिशा : कॉलेज उशिरा भरायचं. पहाटेची सुमो धरली की दुसऱ्या तासाला पोचायचे. चुकलं तर बाई सांभाळून घ्यायच्या. ही शाळा सकाळची आहे, कॉंग. पहिली सुमो इथं पोचते तोवर तिथली मधली सुट्टी होते. शहरातच राहावं लागेल, शनिवारी घरी.

स्केमलिन : गावाजवळची शाळा माग.

दारिशा : मागितली. म्हणाले, तिथं वरचे वर्ग नाहीत. पुढच्या वर्षी करते म्हटलं, तर म्हणाले, बानिशाच्या वेळी एकदा सोडलंस, आता पुन्हा सोडलंस तर नाव कायमचं काढू.

स्केमलिन : हं. आणि म्हणून मामा चढावर मला ढकलायला आलेत.

मामा : चार महिने थोरलीनं येऊन चूल सांभाळावी. गोष्ट एवढीच आहे.

स्केमलिन : आणि हे दुकान? हा भाताचा हंडा? माझ्या नवऱ्याला चहापलीकडे काही येत नाही, आणि तोही लोक माझ्याकडे बघून पितात. एखादी बाई ठेवा ना कामाला.

दारिशा : ठेवली होती. मेइनं तिच्या हातचं खाल्लं नाही. उजवा हात चालतो ना, ताटच उलटं केलं. दुसरी आली ती तिसऱ्या दिवशी निरोपही न देता गेली.

स्केमलिन : भाऊ आहेत की दोन.

दारिशा : आहेत, आपापल्या बायकांच्या घरी. तिथल्या चुली त्यांना सुटत नाहीत. माझा नवरा सिल्चरच्या रस्त्यावर. आला तर रविवारी येतो, दगडासारखा झोपतो, सोमवारी जातो.

स्केमलिन : आणि मामा, तुमच्या हातांना काय धाड भरलीय?

मामा : मी एकदा भात केला होता. तुझी आई म्हणाली, देवानं तुला गळा दिला आणि हात द्यायचे विसरला.

स्केमलिन : खरं बोलली.

मामा : शिवाय बहिणीला न्हाऊमाखू घालणं भावाला शोभत नाही. ते लेकीनंच करावं. तू तिची लेक आहेस, स्केम.

स्केमलिन : मामा, गोष्ट सांगायला बसलात, पण सुरुवात चुकवलीत.

मामा : कशी?

स्केमलिन : त्या घरात आधी दुसरी एक धाकटी होती. ती गाळलीत तुम्ही.

मामा : स्केम, ते आता कशाला.

स्केमलिन : तुम्ही सांगितली तशी मी सांगते. गाऊन नाही येणार, साधीच ऐका. दोन मुलगे झाले, मग एक मुलगी झाली. मग बरीच वर्षं काही नाही. आई म्हणायची, बाई, माझं आता आटोपलं. झालं, मुलगी घराची ठरली. संत्री उतरायला लागली की पहिलं संत्रं तिच्या हातात. पाहुणे आले की विचारणार, घर राखणारी कुठाय? ती फ्रॉकला हात पुसत पुढं यायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, या पोरीला पुढं शिकवा, हिला एकदा सांगितलं की पुरतं. आई म्हणाली, घर राखणारीला घर शिकू दे, पाढे थोरल्यांना पुरेत. काढलं शाळेतून. आजीला न्हाऊ घालायला शिकली ती. ओल्या लाकडानं चूल पेटवायला शिकली. कुळातल्या सगळ्यांची नावं शिकली, मेलेल्यांचीसुद्धा. आणि मग आई पुन्हा पोटुशी राहिली.

दारिशा : कॉंग.

स्केमलिन : बस खाली. सांगू दे. ती मुलगी रोज देवाकडे मुलगा मागायची. मुलगा झाला तर घर तिचंच राहणार होतं ना. तुम्ही तेव्हा खिंडीपलीकडच्या गावांतून उपदेश गात फिरत होता, मामा. देव बहुतेक तुमचं ऐकण्यात गुंतला होता.

मामा : मुलगी झाली.

स्केमलिन : मुलगी झाली. बायका बघायला आल्या, सरळ पाळण्याकडे गेल्या. कुणी मला वाईट बोललं नाही हो. कुणी काहीच बोललं नाही. त्या हिवाळ्यात पहिलं संत्रं पाळण्यात ठेवलं. तिला दातसुद्धा नव्हते.

दारिशा : मग शाळेत परत का नाही गेलीस?

स्केमलिन : तुला कोण घेणार? मेइ शेतावर. तू माझ्या पाठीवर. मी तुला बांधून शाळेच्या कुंपणाशी उभी राहायचे, आतलं ऐकू यायचं. तू रडायला लागलीस की बाई खिडकीतून हात करायच्या, जा म्हणून.

दारिशा : मला कुणी सांगितलं नाही हे.

मामा : मलाही नाही. तुझी आई म्हणाली होती, स्केमला शाळा गोड लागत नाही.

स्केमलिन : असं म्हणाली होय. बरं.

मामा : पोरी, तिच्यावर राग धरून...

स्केमलिन : राग नाही. दर वर्षी हिवाळ्यात येते, मिठाई आणते, पाया पडते, दुसऱ्या दिवशी गाडी धरते. राग असता तर आले नसते. पण एक सांगते. ते घर माझं माझं म्हणून मी राखलं, आणि ते दुसरीचं निघालं. आता दुसरीचं म्हणून पुन्हा राखायला जाणार नाही. चार महिने काय, चार दिवस नाही.

दारिशा : मग तुझं म्हणून राख.

मामा : काय म्हणालीस?

दारिशा : घर तू घे, कॉंग. चूल, झाडं, मेइ, सगळं. मामांनी कुळाची बैठक बोलवावी. मी सगळ्यांपुढं सांगते, मी सोडलं, थोरलीला दिलं.

मामा : हे आपलं ठरलं नव्हतं, दारिशा.

दारिशा : तुमच्याशी ठरवलं असतं तर तुम्ही गाडीतच बसला नसता.

स्केमलिन : डोकं ठिकाणावर आहे का? लोक त्या घरासाठी बहिणींना कोर्टात खेचतात.

दारिशा : ते घर तू बाहेरून बघतेस. मी आतून बघते. त्यातून मला चर्चपर्यंत जायचं तरी कुणाला तरी बसवून जावं लागतं. परीक्षेला बसले होते, पेपरात आईनस्टाइन असता तरी लिहिला असता, पण डोक्यात एकच, आईला दुपारी वळवलं असेल का. घर सोडते म्हणजे काही मोठं करत नाही मी. श्वास घेते.

स्केमलिन : आणि तू राहणार कुठं?

दारिशा : इथं खोली बघेन. मुलांना घेऊन.

स्केमलिन : खोली म्हणजे काय असतं माहितीय का? भिंतीला हात लावला की शेजारचा खोकतो.

दारिशा : खोकू दे. कॉंग, खरं सांगू? माझ्यासाठी नाहीच हे. बानिशा परवा बाहुलीला झोपवत होती. झोपवत कसली, कुशीवर वळवत होती. खांद्याखाली एक हात, ढुंगणाखाली एक हात, अगदी मी करते तशी. पाठ पुसली, फुंकर घातली. मला म्हणाली, आई, आजीनंतर तुझी पाळी ना, मग मी तुला असं करीन. पाच वर्षांची आहे ती. तिला वाटतं, मुलगी मोठी होते ती यासाठीच.

मामा : लेकरू आहे. खेळतं.

दारिशा : धाकटी आहे ती, मामा. माझी धाकटी. घर माझ्याकडं असेपर्यंत ती खेळत नाहीय, शिकतेय. घर कॉंगकडं गेलं की ती सुटली. आठवडाभर हेच मनात घोळवतेय. याशिवाय दुसरी वाट दिसत नाही.

मामा : स्केम, तू काही बोल.

स्केमलिन : काय बोलू? मला हो म्हणावंसं वाटतंय. लाज वाटते सांगायला. इथं भांडी घासताना अजून मी मनात त्या पायऱ्या धुते. खालून वर. तिसरी डुगडुगते, तिथं पाय जपून.

दारिशा : मग म्हण ना हो.

मामा : म्हणून उपयोग नाही.

दारिशा : का? मी स्वखुशीनं देतेय. कूळ काय करणार?

मामा : कूळ एकच विचारेल. स्केम, तुला लेकी किती?

स्केमलिन : तीन मुलगे आहेत. तुम्हाला ठाऊक नाही का?

मामा : मला ठाऊक आहे. हिला विसर पडलाय. लेक नसलेल्या बाईच्या मागं चूल कुणाकडं जाते?

स्केमलिन : अरे देवा.

दारिशा : कुणाकडं जाते?

स्केमलिन : बहिणीच्या धाकटीकडं.

दारिशा : बानिशाकडं.

मामा : बानिशाकडं. थोडा वळसा घालून, पण तिच्याचकडं. आणि मधल्या काळात तुझी लेकरं भाड्याच्या खोलीत.

दारिशा : बालमनाच्या अवस्था पाठ केल्या, शिक्षणाचा इतिहास पाठ केला, आणि एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही.

मामा : पोरी, मी हे विणलेलं नाही. आजीच्या आजीनं विणलंय. तिनं मायेनंच विणलं असणार. म्हातारं माणूस रस्त्यावर पडू नये, लेकीनं कुणाच्या दारात हात पसरू नये. पण विणणारीनं गळ्यापाशी किती घट्ट बसतं ते घालून बघितलं नाही.

दारिशा : चला मामा. गाडी जाईल.

स्केमलिन : बस.

दारिशा : हॉर्न देतोय तो.

स्केमलिन : देऊ दे. माझा भात खाऊन गाडी चालवतो तो, मी सांगितल्याशिवाय हलणार नाही. शाळा कुठली म्हणालीस?

दारिशा : म्हटलं नाही. ही पुलापलीकडची, पिवळ्या भिंतीची.

स्केमलिन : तिची घंटा इथं ऐकू येते. मी त्या घंटेवर डाळ उतरवते.

दारिशा : बरं मग.

स्केमलिन : वरच्या खोलीत तू झोप. माझी पोरं खाली त्यांच्या बापाजवळ झोपतील. पहाटे उठून दोन हंडे भात चढवायचा, डाळ, मांसाचा रस्सा, चटणी. चटणीत सुकी मासळी आधी भाजून घ्यायची, गिऱ्हाईक वासावर येतं. घंटेच्या आधी सगळं उतरलं पाहिजे. मग जा शिकवायला. पुढचं वाढणं नवरा बघेल.

दारिशा : आणि तू?

स्केमलिन : मी तिकडं.

दारिशा : म्हणजे मी तिकडची चूल सोडून इकडच्या चुलीशी.

स्केमलिन : दुसरं काय असणार होतं? चूल नसलेली जागा मी तरी अजून बघितली नाही. इथं निदान घंटा जवळ आहे.

मामा : देव तुझं...

स्केमलिन : देवाला मध्ये आणू नका, माझं पुरं झालं नाही. चार महिने जमणार नाही. दोन. त्याच्या पुढं दुकान टिकणार नाही. पुढचे दोन तुम्ही आणि कूळ आणि काय ते बघा. त्या दोन भावांच्या बायकांना विचारा, त्यांच्या नवऱ्यांना आई आहे म्हणून.

दारिशा : दोन महिन्यांनी मी पुन्हा इथंच येऊन उभी राहीन, कॉंग.

स्केमलिन : राहशील. ठाऊक आहे. आणि दुसरं, बानिशाला मी चुलीपाशी बसू देणार नाही. आजीला वळवताना तिनं बाहेर खेळायचं. मेइ ओरडेल, घर राखणारीला घर शिकू दे म्हणेल. मी ऐकणार नाही. यावेळी नाही.

दारिशा : ती चालीवर म्हटल्याशिवाय झोपत नाही.

स्केमलिन : ते मला येत नाही. मामा म्हणतील, दुसरं काय काम आहे त्यांना? आणि पहिल्या दिवशी तुला शोधत दारात बसेल, ते तू मनात धरून ठेवू नकोस. वर्गात उभी असशील तेव्हा वर्गात उभी राहा.

दारिशा : जमेल का ते?

स्केमलिन : नाही जमणार. पण राहा.

मामा : आणि तुझ्या आईला काय सांगू? थोरली का आली म्हणून?

स्केमलिन : सांगा, पाहुणी आलीय. पाहुणीला कोण काय विचारतं?

दारिशा : मामा, उद्या रविवार. मेइच्या खाटेपाशी प्रार्थना म्हणाल तेव्हा कॉंगची आठवण ठेवा. नाव घ्या तिचं.

मामा : दर रविवारी घेतो. आधी घरातल्यांची नावं, मग घरापासून लांब असलेल्यांची. फौजेतला भाचा, गुवाहाटीची नर्स, आणि मग स्केम. एक रविवार चुकलेला नाही.

स्केमलिन : उद्या घरातल्यांत घ्या. आणि जरा मोठ्यानं घ्या, मामा. मेइला आताशा कमी ऐकू येतं.